चोपडीची मागची पानं

१ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस.टी. सुटली. बेडफर्डची गाडी, लाकडी बांधणीची, आत काथ्याची बाकं. त्या सुरुवातीच्या काळात एस.टी.च्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. ही यादी एस.टी.च्या इतिहासात हमखास वाचायला मिळते. पण ती इंजिनं बनवणाऱ्यांची यादी आहे. इंजिनाच्या मागं जे लाकडी घर उभं राहायचं, ज्यात बाजारकरी, कोंबड्या, तुपाचे डबे आणि माहेरवाशिणी बसून जायच्या, ते कुणाच्या हातचं, हे त्यात कुठं सापडत नाही.

एस.टी.च्या आधी आमच्या कृष्णाकाठी खाजगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावायच्या. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला होता. फोर्डच्या गाड्याही येत होत्या. सर्व्हिसवाला मालक बहुधा पुरी गाडी घ्यायचा नाही, नुसती चासी घ्यायचा. चासी म्हणजे लोखंडी सांगाडा, चाकं, इंजिन, त्यावरचं बॉनेट आणि हातात धरायचं स्टेअरिंग. ड्रायव्हर खोक्यावर बसून, तोंडाला फडकं बांधून, ती उघडीबोडकी गाडी गावाकडं घेऊन यायचा. तिथून पुढचं काम सुताराचं.

माझे आजोबा असे सुतार. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. शिक्षण मराठी तिसरी. मूळ धंदा बैलगाड्यांचा. बाभळीचा तुंबा कातायचा, त्यात आरे बसवायचे, त्यावर पाटे जुळवायचे, आणि मग लोहाराच्या भट्टीत लाल केलेली धाव चाकावर चढवून वरून पाणी ओतायचं. पाणी पडलं की धाव आवळायची आणि सगळं चाक करकरून एकजीव व्हायचं. हे काम करणाऱ्या माणसाला मोटारीची भीती वाटली नाही. “चार चाकावरची साटीच की ती. फकस्त बैल म्होरं न्हाईत, पोटात हाईत,” असं ते म्हणायचे.

त्यांची एक चोपडी आमच्या घरात होती. लाल कापडी बांधणीची, लांबट, व्यापारी वापरतात तसली. पुढून उघडली तर हिशेब. कुणाचा नांगर, कुणाचं चाक, किती आणे आले, किती पायली जोंधळा येणं आहे. मागून उघडली तर चित्रं. सुतारी पेन्सिलीनं काढलेल्या मोटारी. एकूण चौतीस.

मी पुढं चित्रकलेचा शिक्षक झालो. एकतीस वर्षं खेड्यातल्या हायस्कूलमध्ये एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला पोरं बसवली. त्या नजरेनं सांगतो, आबांच्या चित्रांत सौंदर्य असं काही नाही. छायाप्रकाश नाही, दूरचं लहान नि जवळचं मोठं हा हिशेब नाही. प्रत्येक मोटार एका बाजूनं काढलेली, भिंतीला चिकटवल्यासारखी. पण प्रत्येक खांबाशेजारी माप आहे. फूट, इंच आणि सूत. दोन बाकांमधलं अंतर लिहिलंय. टपाचा बाक किती, शिडी कुठं, ड्रायव्हरच्या डोक्याला टप लागेल का, हे सगळं त्यात आहे. एका ठिकाणी मालकाला मोटारीच्या कपाळावर मोराची जोडी हवी होती. आबांनी मोर काढलाय आणि खाली लिहिलंय, ‘रंगारी बघेल.’

एवढा उद्योग कशासाठी, असं मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, “आरं, लाकूड एकदा कापलं की परत जुळत न्हाई. कागद कापला तर पैचं नुकसान.”

चोपडीतलं एक चित्र मला नेहमी कोड्यात टाकायचं. मोटारीच्या मागच्या अंगाला एक उभी टाकी, तिच्यातून निघालेली नळी बाजूनं पुढं इंजिनाकडं गेलेली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा सर्व्हिस मोटारी कोळशावर चालायच्या, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. मागच्या भट्टीत लाकडी कोळसा अर्धवट जाळायचा, त्यातून निघणारा वायू गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. क्लीनर पंखा फिरवून भट्टी पेटवायचा आणि उतारू तोवर चहा पिऊन यायचे. गाडीला जोर कमी. चढाला उतारूंना खाली उतरून ढकलावी लागायची. हे सगळं मी ऐकून होतो. पण ती भट्टी बसवताना मागचा आडवा वासा किती पुढं सरकवला, मागचं दार बंद करून बाजूला कसं काढलं, धगीनं लाकूड जळू नये म्हणून मधे पत्रा कुठं मारला, हे फक्त त्या एका पानावर आहे. त्या मोटारीचा आज खिळाही शिल्लक नाही.

ही चित्रं म्हणजे घरची आठवण, एवढंच बरीच वर्षं आम्ही मानत होतो. ती इतिहासाची कागदपत्रं आहेत हे माझ्या मनावर पक्कं बसलं ते फार लांबच्या गावी. मुलगा नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या बाजूला राहतो. २०२२ च्या उन्हाळ्यात मी आणि सौ. तिथं तीन महिने होतो. शनिवारी सकाळी मुलगा म्हणाला, “आण्णा, चला, जुन्या गाड्या बघायला जाऊ.” एका दुकानापुढच्या मोकळ्या आवारात पन्नाससाठ गाड्या लागल्या होत्या. पुढची चाकं लहान, मागची मोठी, त्यामुळं नाक जमिनीला टेकवून उभ्या राहिलेल्या. काहींना बॉनेटच नाही, इंजिन उघडं. काहींचं टप इतकं बुटकं की आत बसलेल्या माणसाला फटीतून बघावं लागावं. माणसं खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलेली, बहुतेक सत्तरीपुढची.

यांना तिकडं हॉट रॉड म्हणतात. जुनी, स्वस्तातली गाडी घ्यायची, तिच्यातलं अनावश्यक ते सगळं काढून टाकायचं, इंजिन जोरदार करायचं आणि पळवायची. दुसरी जात कस्टमची. तिच्यात वेगापेक्षा रूपाला महत्त्व. पत्रा कापून, जोडून, घासून, रंगवून गाडी अशी करायची की मूळ कंपनीलाही ओळखू येऊ नये.

त्या गर्दीत एका टेबलावर गाडी नव्हती, कागद होते. एक म्हातारा प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेली चित्रं मांडून बसला होता. शाळेच्या वहीचे रेघी कागद, एका कडेला तीन भोकं. त्यांवर पेन्सिलीनं आणि बॉलपेननं काढलेल्या मोटारी, सगळ्या एका बाजूनं. चाकं मात्र बिनचूक गोल. मी मुलाला म्हटलं, “विचार त्यांना, चाकं कशानं काढली?” म्हाताऱ्यानं खिशातून पंचवीस सेंटचं नाणं काढून कागदावर ठेवलं. माझ्या वर्गातली पोरं आईची बांगडी आणायची नाहीतर रुपया वापरायची. तिथंच बसायला मला खुर्ची मिळाली.

म्हातारा शेतकऱ्याचा मुलगा निघाला. जन्म नेब्रास्कातला, मक्याच्या मुलखातला. त्याच्याकडून आणि नंतर मुलानं दाखवलेल्या संग्रहालयांतून जे उमगलं ते असं, की हॉट रॉडची गोष्ट जरी शहराच्या नावावर जमा असली तरी तिचं एक मूळ शेतात आहे.

फोर्डची मॉडेल टी १९०८ साली निघाली. तेव्हा किंमत ८५० डॉलरच्या आसपास होती. १९२५ सालापर्यंत साध्यातली साधी गाडी २६० डॉलरला मिळू लागली. १९२७ पर्यंत दीड कोटींवर गाड्या बनल्या. वीस अश्वशक्तीचं इंजिन, उंच चाकं, चिखलातनंही निघणारी. शेतकऱ्यांनी ती घेतली आणि तिला नुसतं फिरायला वापरलं नाही. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, त्यावर पट्टा टाकायचा आणि त्यानं करवत चालवायची, पाणी उपसायचं, मक्याचे दाणे सोडवायचे. गाडीचा ट्रॅक्टर करायचे जोडसंचही बाजारात मिळत. थोडक्यात, गाडी उघडून बघायची, कापायची, दुसऱ्या कामाला जुंपायची, ही सवय बापानं लावली. पोरानं तीच सवय वेगाकडं वळवली.

जुन्या टी गाड्या पुढं कवडीमोलानं मिळू लागल्या. १९३२ साली फोर्डनं स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवलं, ६५ अश्वशक्तीचं. मग जुन्या हलक्या गाडीत हे नवं इंजिन घालायचा छंदच लागला. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटात आटलेल्या तळ्यांची सपाट मैदानं आहेत. मुरॉक नावाच्या अशाच एका तळ्यावर पोरं गाड्या पळवायची. अपघात वाढले, तेव्हा क्लबांनी एकत्र येऊन १९३७ साली एक संघटना काढली. नियम केले आणि वेळ मोजायची नीट सोय लावली. पुढं मुरॉकची जागा सैन्यानं विमानतळासाठी घेतली. आज तिथं एडवर्ड्स हवाई तळ आहे.

मग युद्ध आलं. १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत लोकांसाठी मोटारी बनवणं बंद झालं, टायर रेशनवर गेले, वर्षाअखेर देशभर पेट्रोलचं रेशनिंग. म्हातारा सांगत होता, त्याचा थोरला भाऊ सैन्यात होता, घरी पत्रं पाठवायचा आणि पत्राच्या पाठीवर परत आल्यावर बांधायच्या गाडीचं चित्र असायचं. गाडी मिळत नव्हती म्हणून पोरं गाडी काढत होती. मला आबांची कोळशाची भट्टी आठवली. युद्ध तेच, टंचाई तीच, आणि दोन्हीकडं उपाय आधी पेन्सिलीनं शोधला जात होता.

आता चित्र एका बाजूनंच का, हा माझ्या धंद्यातला प्रश्न. त्याचं उत्तर म्हाताऱ्यानं कात्रीनं दिलं. कस्टम गाडीतलं मुख्य काम टप बुटकं करण्याचं. टप पेलणारे खांब तीनचार इंच कापून काढायचे आणि वरचा भाग खाली बसवून पुन्हा जोडायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण पुढची काच तिरकी, खांब तिरके. सरळ खाली आणलं तर वरचं टोक खालच्या टोकाला मिळत नाही. टप मधून चिरून लांब करावं लागतं किंवा खांब आणखी आडवे पाडावे लागतात. हे सगळं बाजूच्या रेषेतच दिसतं. म्हणून पोरं मासिकातला गाडीचा फोटो घ्यायची, खिडकीच्या ओळीत कापायची, टप खाली सरकवून डकवायची आणि त्यावरनं पातळ कागदावर रेष उतरवायची. तीन इंच बरं दिसतं की चार, हे असं ठरायचं. “पत्रा कापायच्या आधी कागद कापायचा,” असं तो म्हणाला आणि मुलगा माझ्याकडं बघून हसला. आबांचं वाक्य त्याच्याही पाठ आहे.

दुसरं काम अंग खाली बसवण्याचं. बैलगाडीची साटी आखावर टेकते तशी मोटारीची बॉडी चासीवर टेकते. बॉडीचा तळ कापून ती चासीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरवली की गाडी जमिनीसरशी दिसते. मात्र आतली जागा कमी होते, बसणाऱ्याचे गुडघे छातीला येतात. म्हाताऱ्याच्या एका चित्रात आत बसलेला माणूस काडीसारखा काढला होता, डोकं टपाला लागतंय का ते बघायला. आबांच्या चोपडीतल्या ड्रायव्हरसारखाच.

१९४८ हे साल तिकडंही महत्त्वाचं. त्या वर्षी जानेवारीत लॉस एंजेलिसला ‘हॉट रॉड’ नावाचं मासिक निघालं, किंमत पंचवीस सेंट. काढणाऱ्यांतला एक रॉबर्ट पीटरसन. त्याच्याच नावाचं मोटारींचं मोठं संग्रहालय १९९४ पासून त्या शहरात आहे. मासिकात पहिल्या वर्षापासून टॉम मेडलीची व्यंगचित्रं यायची, स्ट्रोकर मॅकगर्क नावाच्या एका खटपट्या पोराची. १९५९ साली नुसतं मोटारींच्या व्यंगचित्रांचं ‘कार्टून्स’ निघालं. खेड्यापाड्यांतली पोरं ही मासिकं बघून चित्रं गिरवायला लागली. नेब्रास्कातल्या ज्या गावात एकही हॉट रॉड नव्हती, तिथल्या शाळेच्या वह्या हॉट रॉडनं भरलेल्या होत्या. शिक्षक ओरडायचे, असं म्हातारा म्हणाला. शिक्षक ओरडायचेच, मी म्हटलं. आमच्या स्टाफरूममध्येही वहीमागं काढलेला ट्रॅक्टर सापडला की पोराची चर्चा व्हायची.

या पोरांतली काही फार पुढं गेली. एड रॉथ शाळेत मोटारदुरुस्ती आणि चित्रकला हे दोन्ही विषय शिकला. पुढं जत्रांमधून बनियनवर भुतं आणि मोटारी रंगवून विकायला लागला आणि त्या पैशांतून फायबरग्लासच्या अचाट गाड्या घडवल्या. १९६१ च्या सुमाराची त्याची बीटनिक बँडिट, पारदर्शक घुमटाची, आज नेवाडातल्या रीनोच्या संग्रहालयात आहे. दुसरा हॅरी ब्रॅडली. त्यानं कागदावर एक चपटी, पुढून काच वर उचलून आत शिरायची गाडी काढली. डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी ती डॉजच्या छोट्या मालगाडीवर खरी करून दाखवली. देओरा तिचं नाव. १९६७ साली तिला तिथल्या प्रदर्शनातलं मानाचं बक्षीस मिळालं. तोच ब्रॅडली हॉट व्हील्स या खेळण्यांचा पहिला डिझायनर. १९६८ साली ज्या सोळा छोट्या गाड्या बाजारात आल्या, त्यांत देओराही होती आणि बीटनिक बँडिटही. हॉट व्हील्स आज सांगलीच्या खेळण्यांच्या दुकानात मिळतात. पोरं त्या हातात धरून पाटावरून पळवतात, त्यांतल्या काहींची सुरुवात अशी कुणाच्या तरी पेन्सिलीत आहे.

सुतारकामाचा धागा मात्र मला आणखी मागं सापडला. अमेरिकेतल्या मोठ्या मोटार कंपनीत चित्रकारांचं पहिलं खातं १९२७ साली जनरल मोटर्सनं काढलं. त्याचा प्रमुख हार्ली अर्ल. त्याच्या वडिलांचा लॉस एंजेलिसला १८८९ पासून घोडागाड्या बांधायचा कारखाना होता. म्हणजे मोटारीला रूप देणारा पहिला मोठा माणूस गाडी बांधणाऱ्याच्याच घरातला. आपल्याकडं बघायला गेलं तर लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखू येत नव्हते, म्हणून रंगचित्रं सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडं वळले, तोच विषय व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढं बेळगावला सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. आमच्या गावातनं सायकलवर जायच्या अंतरावर. आबा ज्या नांगरांना लाकडी दांडे बसवायचे, ते नांगर असे एका ड्रॉइंग मास्तरांच्या रेषेतनं आले होते.

म्हाताऱ्याच्या टेबलावर चाळीसेक चित्रं होती. मी विचारलं, यांतल्या किती गाड्या बांधल्या? त्यानं एक बोट वर केलं. एकच. १९५७ साली सुरू केली, लग्न ठरल्यावर विकली, घेणाऱ्यानं ती झाडावर घातली. बाकीच्या एकोणचाळीस गाड्या फक्त कागदावर राहिल्या. तो एकेक चित्र दाखवत होता आणि आसपासची माणसं त्याला नावानिशी गावं सांगत होती. ही चाकं आमच्याकडं अशी नव्हती. हा रंग अमक्या वर्षी निघाला. हे तिरकं बॉनेट तर आमच्या गल्लीतल्या वेल्डरनं खरंच केलं होतं. चित्र एकाचं, आठवण दहा जणांची. कंपनीच्या कॅटलॉगवरून असं बोलणं निघत नाही, कारण कॅटलॉगात फक्त विकलेल्या गाड्या असतात. लोकांनी काय मागितलं, काय स्वप्न बघितलं, कशात माघार घेतली, ते वहीत असतं.

मग त्यानं खरी अडचण सांगितली. बायको गेली होती. घर विकून तो मुलीकडं राहायला जाणार होता, तिथं त्याला एक खोली. मुलगा म्हणाला होता, फोटो काढून घेऊ, कागद टाकून दे. संग्रहालयाला विचारलं तर त्यांना नावाजलेल्या हातांची चित्रं हवीत. म्हणून तो दर शनिवारी हे टेबल मांडायचा. चित्र विकायचा नाही. ज्याला आवडलं त्याला झेरॉक्स फुकट. अट एकच, घरी जाऊन ते कुणाला तरी दाखवायचं. मी मोबाइलमधले आबांच्या चोपडीचे फोटो त्याच्यापुढं धरले. कोळशाच्या भट्टीवर तो बराच वेळ थांबला. बोटानं नळीचा मार्ग धरत मागून पुढं गेला आणि मुलाला म्हणाला, “यांच्या आजोबांनी मागचं दार बंद केलंय. शहाणा माणूस.” त्याला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं. चित्र मात्र त्यानं पुरं वाचलं. इंच दोन्हीकडं सारखेच.

निघताना त्यानं मला सहा झेरॉक्स दिले. मी चोपडीतल्या भट्टीच्या पानाची प्रत त्याला पाठवून दिली.

चोपडीचे फोटो मोबाइलमध्ये कसे आले, तेही सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आमच्या घरात पाणी माळ्यापर्यंत चढलं. आम्ही सात दिवस पाहुण्यांकडं होतो. परत आलो तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वीतभर पाणी होतं आणि त्यात चोपडी. सौ.नं पानापानात वर्तमानपत्राचे कागद घालून, सावलीत, पंख्याखाली ती वाळवली. दर दोन तासांनी कागद बदलायचे. पाच दिवस हेच चाललं होतं. पुढचे हिशेब पुडीच्या निळ्या शाईतले होते, ते धुऊन गेले. कुणाचं किती येणं होतं, ते नदीनं माफ केलं. मागची चित्रं शिसाच्या पेन्सिलीतली. शिसं पाण्यात विरघळत नाही. तीन पानं फाटली, बाकी एकतीस मोटारी टिकल्या. वाळल्या त्याच दिवशी मुलीनं सगळ्यांचे फोटो काढून ठेवले.

अमेरिकेहून आल्यावर मी त्या एकतीस चित्रांच्या मोठ्या प्रती काढल्या आणि गावच्या वाचनालयात यात्रेच्या तीन दिवसांत भिंतीवर लावल्या. शेजारी ते सहा झेरॉक्सही लावले. लोक येतील का, अशी शंका होती. आले. एक आजी भट्टीच्या चित्रापुढं उभी राहून म्हणाली, “ह्याच मोटारीतनं मी नांदायला आले. खिंडीत समद्यांनी ढकलली, मीबी ढकलली, शालूवर.” चोपडीत त्या मोटारीच्या मालकाचं नाव नव्हतं. तिनं सांगितलं. एका सत्तरीच्या माणसानं मोरांच्या जोडीवरनं रंगाऱ्याचं घर ओळखलं. त्या घरी अजून मोराचा साचा आहे, टिनाच्या पत्र्यात कापलेला. आबांच्या आठ मोटारींना असे मालक मिळाले, रस्ते मिळाले, दोघींना तर शेवटही मिळाला. एक विहिरीच्या इंजिनासाठी मोडली, दुसरीचं टप आजही एका मळ्यात कोंबड्यांचं खुराडं म्हणून उभं आहे. पन्नास वर्षं ट्रंकेत राहून जे कळलं नव्हतं, ते तीन दिवस भिंतीवर राहून कळलं.

आमच्या भागात आजही गाड्या बांधल्या जातात. उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरमागची जुगाडं, ट्रकच्या बॉड्या, जत्रेतली आइस्क्रीमची गाडी. माझा एक विद्यार्थी, जो वहीमागं सदा ट्रॉल्या काढायचा, त्याचं आज नाक्यावर वेल्डिंगचं दुकान आहे. तो अजूनही आधी चित्र काढतो, पण खडूनं, शेडच्या फरशीवर, पूर्ण मापाचं. त्यावर लोखंडी अँगल ठेवून कापतो, जोडतो. ट्रॉली उभी राहिली की बायको फरशी झाडते. दर हंगामात तो वीस ट्रॉल्या बांधतो, आणि कुठल्याच ट्रॉलीचा कागद नाही. मी त्याला एवढंच सांगितलंय, झाडायच्या आधी एक फोटो काढ आणि वहीत तारीख, गिऱ्हाइकाचं गाव आणि कशासाठी बांधली ते लिही. तो म्हणाला, “सर, ह्याला कोण बघणार?” मी त्याला आजीची गोष्ट सांगितली. आता तो फोटो काढतो.

तुमच्याही माळ्यावर, देवळीत, जुन्या कपाटात अशी एखादी वही असेल. सुताराची, लोहाराची, शिंप्याची, रंगाऱ्याची किंवा शाळेत नापास झालेल्या चुलत्याची. मागून उघडून बघा. चित्र सापडलं तर त्याच्या पाठीमागं मऊ पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहा. शाईनं नको. मग फोटो काढा. आणि ते कपाटात परत ठेवायच्या आधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा. त्यांच्याकडं ऐकायला जायचं असेल तर उशीर करू नका.